गुळ्याचा पिवळा भात

सकाळचे सव्वासात वाजले होते आणि सुभद्राक्का मगदूम आपल्या कुत्र्याच्या शीसमोर उभ्या होत्या. उभ्या म्हणजे अगदी ताठ. त्यांच्या कमरेत चार स्क्रू होते आणि ऑपरेशननंतर हाडाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "अक्का, इथून पुढं वाकायचं नाही. देवाला नमस्कारसुद्धा उभ्यानंच." देवाचं ठीक होतं, तो समजून घेतो. शहराचं तसं नव्हतं.

कुत्रा पाळायचा तर परवाना हवा, असा कायदा येऊन आता चार वर्षं झाली होती. परवाना देताना कुत्र्याच्या लाळेचा नमुना घेऊन ठेवत. रस्त्यावर कुठं शी पडलेली दिसली की सफाईची गाडी थांबायची, कापसाचा बोळा फिरवायची, आणि गाडीतलं यंत्र दहा मिनिटांत कुत्र्याचं नाव, मालकाचं नाव, पत्ता, सगळी कुंडली काढून मोकळं व्हायचं. मालकाच्या फोनवर लाल खूण पडायची. अशा तीन खुणा पडल्या की परवाना रद्द, आणि कुत्र्याची रवानगी शहराबाहेरच्या श्वानसंकुलात. कायदा चांगलाच होता. सांगलीतले रस्ते चकाचक झाले होते, पोरांच्या पोटातले जंत कमी झाले होते. स्वतः सुभद्राक्कासुद्धा चारचौघींत कायद्याची बाजू घेऊन भांडत.

पण ती उचलायची कशी? लांब दांड्याची पत्र्याची सुपली त्यांनी मुद्दाम करवून घेतली होती. तिनं अर्धी शी वर यायची आणि अर्धी जमिनीला फासून राहायची. यंत्राला तेवढीही पुरे व्हायची. शेजारपाजारच्या कुणाला सांगावं, तर माझ्या कुत्र्याची शी उचला असं कुठल्या तोंडानं सांगायचं? सुभद्राक्कांनी एकतीस वर्षं मार्केट यार्डात हळद निवडली होती, कंबर त्यातच गेली होती, पण कुणापुढं हात पसरला नव्हता.

गुळ्या बाजूला बसून त्यांच्याकडं बघत होता. गुळाच्या ढेपेचा रंग, एक कान उभा, एक पडलेला. सात वर्षांपूर्वी हळदीच्या पोत्यांमागं कुईं कुईं करत सापडलेलं हे पिल्लू. अक्कांचे मालक वारले त्याच वर्षी. तेव्हापासून घरात बोलायला असं तेवढं एकच माणूस होतं.

"अक्का, पुन्हा तेच का?" मागून आवाज आला.

सोसायटीचे चेअरमन जयवंतराव घोरपडे होते, सोबत त्यांचा लॅब्राडोर, सीझर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून जयवंतराव सोसायटीलाच बँक समजून चालवत. त्यांनी हातात पिशवी चढवली, झटकन वाकले, सीझरनं केलेलं उचललं आणि पिशवीला गाठ मारली. एकसष्टाव्या वर्षी असं वाकता येतं याचा त्यांना कोण अभिमान.

"हे बघा. दोन सेकंदांचं काम."

"तुमची कंबर मला द्या, एका सेकंदात करते," अक्का म्हणाल्या.

"चेष्टा सोडा. दोन खुणा झाल्यात तुमच्या. तिसरी पडली की माझ्याही हातात काही राहणार नाही. माझ्या पुतण्याचा मळा आहे कवठेमहांकाळला, तिथं सोडा की गुळ्याला. मोकळा राहील."

"तो मोकळा राहील," अक्का म्हणाल्या, "आणि मी?"

जयवंतरावांनी सीझरची साखळी ओढली आणि ते पुढं निघाले. माणूस वाईट नव्हता. फक्त नियमाच्या बाहेरचं काही विचारलं की त्याला घरचं काम आठवायचं.

*

त्याच महिन्यात पुण्याहून डॉक्टर मृण्मयी नाडगौडा आल्या. औषधाच्या नव्हे, जिवाणूंच्या डॉक्टर. जीवरचना नावाच्या प्रयोगशाळेत काम करायच्या. बत्तीस वर्षांची बाई, केस कसेतरी बांधलेले, पाठीवर पोतं भरल्यासारखी पिशवी आणि हातात एक काठी. सोसायटीच्या हॉलमध्ये कुत्रेवाल्यांची सभा भरली तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्या काठीवरच खिळल्या.

"तळ्याच्या तळाशी गाळ असतो, त्यात काही जिवाणू राहतात," डॉक्टरबाईंनी सुरुवात केली. "पाण्यातलं लोह शोषायचं आणि अंगात चुंबकाचे बारीक कण बनवायचे, ही त्यांची सवय. माळेत मणी ओवावेत तसे ते कण एका ओळीत लागतात. त्यावरून जिवाणूला उत्तर-दक्षिण कळते, वर कुठं आणि खाली कुठं ते कळतं. निसर्गानं लाखो वर्षांपूर्वी केलेलं होकायंत्र आहे ते."

मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली. डॉक्टरबाईंनी वेग वाढवला.

"ही मणी बनवायची कला आम्ही कुत्र्याच्या आतड्यात आधीपासून राहणाऱ्या एका निरुपद्रवी जिवाणूला शिकवली. म्हणजे एकाची जनुकं दुसऱ्यात घातली. शिवाय त्याला बारीक धागे विणायला शिकवले. रोजच्या खाण्यात हे चिमूटभर चूर्ण घालायचं. त्यात जिवाणू आहेत आणि त्यांच्यासाठी लोह आहे. बाहेर पडलेल्या विष्ठेला हवा लागली की धागे आखडतात आणि मिनिटभरात तिच्यावर कोरडी साल धरते. वास नाही, चिकटपणा नाही. आत जंतांची अंडीही टिकत नाहीत. आणि सगळीभर चुंबकाचे मणी."

मग त्यांनी बरोबर आणलेल्या डब्यातून पुण्याच्या एका कुत्र्याचा ऐवज फरशीवर ठेवला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले आणि वास येत नाही म्हटल्यावर हळूच खाली घेतले. डॉक्टरबाईंनी उभ्या उभ्या काठीचं टोक त्याला टेकवलं, मुठीवरचं बटण दाबलं. टक्. गोळा काठीला चिकटून वर आला. त्या चार पावलं चालल्या, बटण सोडलं, गोळा डब्यात पडला. फरशीवर डागही नव्हता.

त्या वाकल्या नव्हत्या. इतर लोक गोळ्याकडं बघत होते, पण सुभद्राक्का फक्त त्यांची पाठ बघत होत्या. पाठ शेवटपर्यंत सरळ होती.

प्रयोग नव्वद दिवसांचा ठरला. सांगलीतले एक्केचाळीस कुत्रे. तेवढे दिवस भाग घेणाऱ्यांना लाल खुणा माफ. प्रयोग साधला तर शहर काठ्या वाटणार, बागांतून गोळे टाकायला खड्डे करणार. फसला तर एक्याण्णवाव्या दिवशी खुणा पुन्हा चालू. प्रत्येकानं एक अर्ज भरायचा होता. कुत्र्याचं वय, वजन, औषधं. घरचं अन्न देता का, काय देता? मीठ? तेल? कांदा-लसूण? मिरची? अक्कांनी सगळीकडं 'नाही' लिहिलं आणि अन्नापुढं लिहिलं, 'साधा भात'. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस जणांनी तेच लिहिलं होतं.

*

आपल्याकडं म्हण आहे, पी हळद अन् हो गोरी. चूर्ण सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी अक्का काठी घेऊन गुळ्यामागं फिरायला लागल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, आठवडाभर थांबा. अक्का आठवडाभर थांबल्या. मग महिनाभर थांबल्या.

काठी शीला टेकायची, शी जरा हलल्यासारखी करायची आणि जागच्या जागी बसायची. सालही धड धरायची नाही. पुण्यात साठच्या साठ कुत्र्यांना लागू पडलेलं चूर्ण सांगलीत एकालाही लागू पडेना. डॉक्टरबाईंनी पाणी तपासलं, जात तपासली, जंताची औषधं तपासली. बागेच्या कडेला शहरानं त्यांना एक खोली दिली होती, तिथं त्या सकाळपासून डोळ्याला नळी लावून बसलेल्या असत. अक्का गुळ्याला घेऊन रोज नमुना द्यायला जायच्या आणि जाताना पोह्यांचा डबा न्यायच्या, कारण ही बाई सकाळचं काही खात नाही हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी हेरलं होतं.

"जिवाणू जिवंत आहेत, अक्का," डॉक्टरबाई पोहे खात म्हणाल्या. "लोह पण आहे, भरपूर आहे. कामगार आहेत, माल आहे, आणि कारखाना बंद. मला कळतच नाही."

"माल कुणीतरी अडवून धरला आसंल," अक्का म्हणाल्या. वखारीत असं पुष्कळदा व्हायचं.

"कुणी?"

ते अक्कांनाही माहीत नव्हतं.

पन्नासाव्या दिवसाच्या आसपास जयवंतरावांची तासगावची चुलती वारली. ब्याण्णव वर्षांची, भरलं गोकुळ मागं ठेवून गेली. त्यानंतर चौथ्या दिवशी बागेत आक्रीत घडलं. जयवंतरावांनी सवयीनं काठी टेकवली आणि सीझरनं केलेलं टक्कन वर आलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. डॉक्टरबाई धावत आल्या, नमुने घेतले, मणी होते, लखलखीत रांगेत होते. झालं. जयवंतराव अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले. सुतकाचे दिवस म्हणून बाकी कुठं जात नव्हते, पण बागेत दोनदोनदा यायला लागले.

"शिस्त, दुसरं काय," ते अक्कांना म्हणाले. "वेळेवर खाणं, वेळेवर फिरणं. जातिवंत जनावर आहे. गावठी कुत्र्यांचं काय असतं, बोलून फायदा नाही."

अक्कांना ते लागलं. गुळ्याला काही म्हटलेलं त्यांना नवऱ्याच्या आईनं माहेर काढल्यासारखं लागायचं. घरी येऊन त्यांनी गुळ्याचा पडलेला कान उगीचच उभा करून बघितला. तो परत पडला. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा कवठेमहांकाळच्या मळ्याचा खरोखर विचार केला, आणि विचार करता करता त्यांना रडू आलं.

*

तेराव्याला सगळ्या सोसायटीला जेवण होतं. अक्का गेल्या. राग राग होता, पण तेराव्याचं बोलावणं कुणी मोडत नाही. जयवंतरावांच्या पत्नी वत्सलावहिनी वाढायला होत्या. त्यांनी भातावर वरण घातलं, वर तूप सोडलं आणि म्हणाल्या, "पोटभर जेवा अक्का. बारा दिवस बिनहळदीचं पांढरं वरण खाऊन तोंडाची चव गेली बघा. आज वरणाला रंग आला."

"हो की, सुतकात हळद न्हाई," अक्का म्हणाल्या आणि जेवल्या.

पुढचा दिवस उगवला तो जयवंतरावांचा उतरलेला चेहरा घेऊन. काठी टेकवली, बटण दाबलं, सीझरची शी जागची हलेना. त्यांनी काठी झटकली, सेल बदलले, डॉक्टरबाईंना फोन लावला. तिसऱ्या दिवशीही तेच. शिस्त तीच होती, जात तीच होती.

अक्का बाकावर बसून हे बघत होत्या. हसू येत होतं, पण पुरतं आलं नाही, कारण मनात दुसरंच काहीतरी फिरायला लागलं होतं. सुतक लागल्यावर चौथ्या दिवशी लागू पडलं. सुतक फिटलं तसं बंद पडलं. त्या उठल्या आणि तडक वत्सलावहिनींच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, सीझरचा भात कशात शिजवता?"

"वेगळं कशाला शिजवू? आमच्याबरोबरच. मीठ घालायच्या आधी त्याचा काढून ठेवते."

"आणि हळद?"

"हळद असतेच की."

"सुतकात?"

वत्सलावहिनींनी अक्कांकडं अशा नजरेनं बघितलं, की या बाईला हेही सांगावं लागतंय? "सुतकात कशी असेल, अक्का?"

घरी येऊन अक्कांनी लोखंडी कढई काढली. लोखंडी कढईत हळदीचं काही आंबट केलं की काळंमिट्ट होतं, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूची बोलणी खाऊन कळलं होतं. कढईत पाणी घातलं, दोन चिंचेचे तुकडे, चमचाभर हळद, आणि ठेवलं गॅसवर. शेजारी स्टीलच्या पातेल्यात तेच. पातेल्यातलं पाणी पिवळं राहिलं. कढईतलं हळूहळू काळवंडत गेलं. एकतीस वर्षं ज्या हळदीत हात घातले तिच्याकडं अक्का कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

*

डॉक्टरबाई खोलीत पिशवी भरत होत्या. पुण्याहून निरोप आला होता, प्रयोग आवरता घ्या. अक्कांनी कढई आणि पातेलं त्यांच्या टेबलावर कागदपत्रांच्या मधोमध ठेवलं.

"माल कुणी अडवला ते सापडलं," अक्का म्हणाल्या. "बघा. हळद लोखंड खाती."

डॉक्टरबाईंनी कढईत बघितलं, पातेल्यात बघितलं. मग खुर्चीत बसल्या.

"कर्क्युमिन," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "हळदीला पिवळेपणा देतं ते द्रव्य. त्याच्या रेणूला खेकड्याच्या नांग्यांसारखी दोन टोकं असतात, लोहाचा कण दिसला की पकडतं आणि सोडत नाही. जिवाणूंच्या हाती लोह लागतच नाही. मला मोजताना लोह दिसत होतं, पण ते सगळं हळदीच्या तावडीत." त्यांनी अर्जांचा गठ्ठा ओढला. "पण अक्का, सगळ्यांनी साधा भात लिहिलाय. तुम्हीसुद्धा."

"साधाच असतो की."

"हळद घालून?"

"मग? कुत्र्याला जंत होऊ न्हाईत म्हणून चिमूट घालावीच लागती. ती काय सांगायची गोष्ट हाय? भातात पाणी घातलं म्हणून लिवतं का कुणी?"

डॉक्टरबाई हसायला लागल्या आणि त्यांना ते आवरेना. पुण्यातले साठही कुत्रे प्रयोगशाळेनं दिलेल्या पाकिटातलं कोरडं खाणं खात होते. हळदीच्या पेठेत येऊन कुणी हळदीबद्दल विचारलंच नव्हतं, आणि हळदीच्या पेठेत ती कुणी सांगण्याजोगी मानलीच नव्हती.

नव्वदीला तेवीस दिवस उरले होते. डॉक्टरबाईंनी पिशवी परत रिकामी केली आणि एक्केचाळीस घरांना निरोप धाडला: कुत्र्याच्या भातात हळद बंद.

निरोप गेला आणि गावात कुजबूज सुरू झाली. भरल्या घरात बिनहळदीचा भात? ज्या घरात कुणी गेलेलं नाही तिथं सुतकाचं अन्न शिजवायचं? कुत्र्यासाठी झालं म्हणून काय झालं, चूल तर घराचीच. वत्सलावहिनींनी तर तोंडावर सांगितलं, "आत्ता कुठं तेरा दिवस सरलेत अक्का. माझ्या हातून ते परत व्हायचं नाही." चौथ्या दिवशी अर्ध्याहून जास्त घरांत पिवळाच भात शिजत होता आणि निरोपाला 'हो' असं उत्तर गेलेलं होतं. खुद्द गुळ्यानं पांढऱ्या भाताला तोंड लावलं नाही. ताट हुंगलं, अक्कांकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून बसला. अक्कांनी त्याच्यासमोर तोच भात स्वतः खाऊन दाखवला. त्यानं मान वळवली नाही. दोन घास खाल्ल्यावर अक्कांना त्याचं म्हणणं पटलं.

"लोकं ऐकायची न्हाईत," त्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "आणि का ऐकावं? हळद म्हंजे भरलं घर. तुमच्या काठीपायी बाया ती सोडणार न्हाईत. मी बी न्हाई."

"मग करायचं काय, अक्का?"

"दोन जावांचं पटत नसंल तर त्यांना एका ताटात बसवायचं कशाला? सकाळची एकीला द्या, संध्याकाळची दुसरीला. उपाशीपोटी गूळ लावलेला भाकरीचा तुकडा, त्यात तुमचं चूर्ण. भात रात्री, पिवळाच. चालंल का सांगा."

डॉक्टरबाईंनी कागद ओढून आकडेमोड केली. सकाळी रिकाम्या पोटी लोह गेलं तर हळद यायच्या आत जिवाणूंना दहा-बारा तास मिळत होते. आणि एकदा मणी बनला की तो जिवाणूच्या अंगात बंद. हळद कितीही नांग्या मारो, तो तिच्या हाती लागायचा नाही.

"चालेल," त्या म्हणाल्या. मग कागद बाजूला सारून म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं. माझी आई लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नको म्हणून रोज ओरडते."

मग सुभद्राक्का स्वतः घरोघर फिरल्या. एक्केचाळीस दारं, त्यातली तेरा तिसऱ्या मजल्याच्या वर. प्रत्येक दारात त्या एकच सांगायच्या, हळद सोडू नका, फक्त वेळ पाळा. ज्या बायकांनी डॉक्टरबाईंना खोटं 'हो' कळवलं होतं त्यांनी अक्कांना आत बोलावून चहा पाजला. वत्सलावहिनी म्हणाल्या, "एवढंच होतं, तर आधी नाही का सांगायचं?"

पाचव्या दिवशी बागेत पहिली काठी वाजली. आठव्या दिवशी एकोणतीस वाजल्या. गुळ्याची मात्र वाजेना. अक्कांचा जीव टांगणीला लागला. मग लक्षात आलं, की वत्सलावहिनी माया येऊन रोज दुपारी कुंपणावरून गुळ्याला उरलेला पिवळा भात घालत होत्या. हे कळल्यावर अक्कांना त्यांच्यावर रागावताच येईना. "रात्रीचा घाला वहिनी," एवढंच म्हणाल्या.

*

नव्वदावा दिवस. कृष्णेकाठच्या मोठ्या बागेत मांडव घातला होता. आयुक्त मॅडम आल्या होत्या, पुण्याहून प्रयोगशाळेची चार माणसं आली होती, आणि एक्केचाळीस कुत्री एकमेकांवर भुंकत होती. डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर दाखवायला गुळ्याला निवडलं होतं. जयवंतरावांनी सीझरचं नाव सुचवून पाहिलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नको. अक्काच."

मांडवासमोर गवताचा चौकोन आखला होता. अक्का गुळ्याला घेऊन मधोमध उभ्या राहिल्या. नवी जरीकाठाची साडी, हातात काठी. आणि गुळ्या काही करेना. त्यानं चौकोन हुंगला. फेरी मारली. आणखी फेरी मारली. आयुक्त मॅडमनी घड्याळ बघितलं. पुण्याहून आलेल्या एकानं दुसऱ्याच्या कानात काही सांगितलं. अकरा फेऱ्या झाल्या.

"बस की रं माझ्या राजा," अक्का हळूच म्हणाल्या. "आज न्हाई केलंस तर आपलं दोघांचंबी कठीण हाय."

गुळ्या बसला.

मग साल धरायला लागणारं ते मिनिट. अक्का मनात आकडे मोजत होत्या. वखारीत पोती मोजायच्या तसे, 'एक'च्या जागी 'लाभ' म्हणून. साठ झाले. अक्कांनी काठीचं टोक खाली नेलं. कंबर सरळ, मान सरळ, नुसता हात पुढं. अंगठ्यानं बटण दाबलं.

टक्.

गोळा वर आला. पुरा, गोल, कोरडा. खाली गवताचं एक पातंही मळलं नव्हतं. सफाईच्या माणसानं गवतावरून कापसाचा बोळा फिरवला, गाडीतल्या यंत्रात घातला आणि दहा मिनिटं सगळे यंत्राच्या तोंडाकडं बघत बसले. "काही नाही," तो शेवटी म्हणाला. "इथं कुठल्याच कुत्र्याची नोंद मिळत नाही." मांडवात टाळ्या सुरू झाल्या. अक्का तोवर गोळा घेऊन खड्ड्यापर्यंत चालत गेल्या होत्या, वीस पावलं, कुणाचा हात न धरता. बटण सोडलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि ते लपवलं नाही. गुळ्यानं टाळ्यांना घाबरून त्यांच्या साडीत तोंड खुपसलं होतं.

आयुक्त मॅडमनी काठ्या मंजूर केल्याचं तिथंच जाहीर केलं. पुण्याच्या लोकांनी डॉक्टरबाईंचं अभिनंदन केलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शोध आमचा. तो चालला यांच्यामुळं," आणि अक्कांना पुढं ओढलं. फोटोत सगळे हसतायत आणि अक्का एकट्या गुळ्याकडं बघतायत.

गर्दी पांगल्यावर जयवंतराव आले. सीझरनं मांडवाच्या मागं कार्यभाग उरकला होता आणि जयवंतराव एक हात कमरेवर ठेवून उभे होते. चेहरा पांढरा पडला होता.

"काल पाण्याची टाकी उचलायला गेलो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "लचक भरली. काठी घरी राहिली, आणि वाकायला येईना. अक्का, तेवढी तुमची काठी..."

उत्तर द्यायला अक्कांच्या जिभेवर पुष्कळ काही आलं. दोन सेकंदांचं काम, जातिवंत जनावर, कवठेमहांकाळचा मळा. सगळं गिळलं. काठी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मूठ ढिली धरा. वाकू नका. अजिबात वाकू नका."

टक्.

*

दिवाळीनंतर परवाना नवा करायची तारीख आली. अर्ज फोनवर आला, आता तो सगळ्या राज्याला एकच होता. अक्कांनी चष्मा लावला. श्वानाचं नाव: गुळ्या. वय: सात. लाल खुणा: दोन, माफ. मीठ? तेल? कांदा-लसूण? मिरची? आणि त्याच्याखाली एक नवा प्रश्न होता, पहिल्या अर्जात नव्हता तो. भातात हळद घालता का?

अक्कांनी तो दोनदा वाचला. मग एका बोटानं सावकाश लिहिलं, 'घालते. रात्री.' अर्ज पाठवला, आणि गुळ्याचा भात शिजला का ते बघायला उठल्या.